लख्खूची टाकी

आमच्या साडूचं कागदावरचं नाव दूध कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पगाराच्या खिडकीतून ते पुकारलं की तो स्वतःच मागे वळून बघायचा, कोण बुवा हा भाग्यवान! सगळे त्याला लख्खू म्हणत. काम झालं का विचारलं की त्याचं उत्तर एकच, ‘लख्ख!’ जेवण कसं होतं? लख्ख. तब्येत? लख्ख. एकदा कारखान्यातला जुना पहारेकरी वारला. लख्खू मयताला जाऊन आला तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘काय रे, नीट पार पडलं का सगळं?’ हा म्हणाला, ‘लख्ख!’ मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि म्हटलं, बाबा रे, निदान मयताला तरी दुसरा शब्द वापर. त्यानं बराच विचार केला. म्हणाला, ‘दादा, पण झालं तसंच.’

आम्ही दोघे एकाच घरचे जावई. थोरली माझ्या पदरात पडली, धाकटी त्याच्या. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला आला तेव्हाची गोष्ट सांगतो. सासऱ्यांची एक ॲल्युमिनियमची किटली होती, बाहेरून काळीकुट्ट. नवा जावई दुपारी सगळे लवंडल्यावर गुपचूप उठला आणि ती घासायला बसला. काळं गेलं, पांढरं आलं, तरी हा घासतोय. सासरे उठून चहाला बसले तर किटलीच्या बुडातून चहाची धार थेट विस्तवावर! सासरे मोठे सोशिक. एवढंच म्हणाले, ‘जावईबापू, किटली स्वच्छ झाली खरी, आता चहा कशात करू?’ पुढे कितीतरी वर्षं लख्खू येणार म्हटलं की सासूबाई चांगली भांडी फळीवर वर चढवून ठेवत.

मी कारखान्यात बॉयलरवर होतो. वाफ करणं माझं काम, आणि ती वाफ, ते कढत पाणी जायचं धुलाईला, जिथे लख्खू होता. म्हणजे लख्खूचं अर्धं काम माझ्याच नळातून जात असे. आता कारखान्यात दूध ज्या नळ्यांतून फिरतं त्या कुणी हातानं धूत नाही. एका बटणावर त्यांतून आधी साधं पाणी जातं, मग कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी, मग आम्लाचं, मग पुन्हा साधं. पण मलईच्या खोलीतली मोठी टाकी जुनी होती. उभी, पोलादाची, माणसापेक्षा उंच. वर एक गोल तोंड, बारीक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि शेजारी उभं राहायला लोखंडी माच. ती टाकी रिकामी झाली की रोज शिडी लावून लख्खू आत उतरायचा आणि हातानं धुवायचा. आत त्याचा आवाज असा घुमायचा की बेसूर माणसालाही आपण उस्ताद आहोत असं वाटावं. म्हणून तो आत गायचा. बाहेर कधीच नाही. उपाहारगृहात एक नवा आचारी आला होता, तो मलई न्यायला म्हणून त्या खोलीत गेला आणि टाकीच्या पोटातून कुणीतरी आळवून गातंय हे ऐकून भांडं टाकून जो पळाला, तो थेट फाटकापाशी थांबला. दुसऱ्या दिवशी त्याला टाकी दाखवायला नेलं, तर म्हणतो, ‘भूत असतं तर परवडलं असतं, भूत सुरात गातं.’

आणि काय घासायचा! त्या टाकीत आतून माणसाला आपलं तोंड दिसे. माचावरून वाकून बायका केस सारखे करत. आमचे मॅनेजरसाहेब तर पाहुणे आले की आधी चहा नाही, आधी टाकी. ‘या, आमचा आरसा बघा.’ पाहुणे वाकून बघत, आपापले दात बघत, आणि मान हलवत. मग साहेब लख्खूला हाक मारत, तो कपडे निथळत पुढे येई, आणि साहेब त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारत. ती थाप तो घरी घेऊन जायचा. धाकटी म्हणायची, ‘आज पुन्हा थाप मिळालेली दिसतेय. मिठाला सुद्धा नावं ठेवली नाहीत जेवताना.’

चकाकी आणण्याची त्याची युक्ती साऱ्या कारखान्याला माहीत होती आणि कुणीच ती बोलून दाखवत नसे. धुलाईवाल्यांना कारखाना मऊ ब्रश द्यायचा, लांब दांड्याचा. लख्खू त्याला म्हणायचा पावडर लावायचा पफ. ‘ह्यानं काय टाकीला गोंजारायचं?’ त्याच्या खिशात तारेची घासणी असे. घरूनच आणायचा. ब्रश शिडीला टांगलेला कोरडा आणि घासणी हातात. तार वापरू नये असं भिंतीवर चित्रासकट लिहिलं होतं. पण टाकी आरशासारखी दिसतेय म्हटल्यावर मुकादमही ते चित्र बघायचा नाही आणि साहेबही नाही. डोळ्यांवर कातडं ओढायला फार मोठं कातडं लागत नाही.

असं वर्षानुवर्षं छान चाललं. मग एका उन्हाळ्यात मलई परत यायला लागली.

आधी दुकानदार म्हणाले, मुदतीच्या आत आंबते. साहेब म्हणाले, त्यांच्या शीतपेट्या बिघडल्यात. मग आमच्याच शीतखोलीत ठेवलेली मलईही कडवट निघाली, तेव्हा कुणाच्या पेटीवर ढकलणार? तपासणीसाठी एक मुलगी नव्यानं आली होती. लांब काडीच्या टोकाला कापूस, तो टाकीला, तोट्यांना, झाकणाला पुसायचा आणि नळीत बंद करून नेऊन ठेवायचा, हे तिचं काम. नळ्या तिच्या खोलीतल्या उबदार पेटीत राहायच्या आणि काही दिवसांनी त्यात काय वाढलं ते ती बघायची. आम्ही तिचं नाव काडीवाली ठेवलं. ती आली की कुणीतरी म्हणायचंच, ‘आली काडी लावायला!’ तीही हसायची, म्हणायची, ‘काका, आग आधीच लागलेली असते, मी नुसती दाखवते.’

तिच्या काड्यांनी दाखवलं ते असं, की नळ्या स्वच्छ, तोट्या स्वच्छ, झाकण स्वच्छ. टाकीच्या भिंती मात्र जंतूंनी भरलेल्या. आणि मलई कडू करणाऱ्यांतच एक जात अशी, की म्हाताऱ्याकोताऱ्याला, पोटुशीला खाटेला खिळवेल.

साहेबांनी त्याच दिवशी मलईचं काम बंद केलं. सगळ्यांसमोर लख्खूला म्हणाले, ‘सरकारी तपासनीस यायच्या आत ही टाकी स्वच्छ निघाली तर टाकी राहील, मलईखाना राहील आणि तूही राहशील. नाही निघाली तर टाकी कापून भंगारात. मग मलई आपण करायचीच नाही.’ हे बोलताना त्यांनी पाठीवर थाप मारली नाही. तेवढं त्याच्या लक्षात आलं.

दुसरीकडे त्याला काही जागा नव्हती. लिहिता-वाचता बेताचं, गुडघे ओल्यात काम करून गेलेले, ओझं उचलता येत नाही. टाकीत उतरणं हेच त्याला येत होतं. पण मला खरं विचाराल तर पोटापेक्षाही त्याला दुसरंच लागलं. माझ्यापाशी बॉयलरच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, ‘दादा, माझी टाकी घाण म्हणतात. माझी!’ जसं काही कुणी त्याच्या मुलीवर बालंट घेतलंय.

मग तो घासायला लागला. आधी घासायचा ते पोरखेळ वाटावं असं. दुपारी पाळी सुटल्यावर उतरायचा तो दिवे लागेस्तोवर आत. गाणं बंद. नुसता खर्र खर्र आवाज, माझ्या बॉयलरपर्यंत यायचा. हातांची सालं निघाली. धाकटी माझ्या बायकोकडे येऊन रडली, ‘अगं ताई, ह्यांना भाकरी मोडता येत नाही, मी घास भरवते. लहान पोराला भरवलं तेव्हाही एवढी काकुळतीला आले नव्हते.’ आमची थोरली स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, ‘साप म्हणून भुई धोपटतोय तो. साप कुठाय ते तरी कुणी बघितलंय का?’

काडीवाली दर खेपेला काडी फिरवायची आणि दर खेपेला उत्तर आधीपेक्षा वाईट यायचं. ही गंमत बघा. जितका घासेल तितके जंतू जास्त. लख्खूला वाटलं पोरगी खोटं बोलतेय. तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

‘ताई, तुझी काडीच घाण असेल.’

‘काका, काडी बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढते.’

‘मग पेटी घाण असेल.’

‘पेटीत नुसत्या कोऱ्या नळ्याही ठेवते. त्यात काही उगवत नाही.’

‘टाकीत तोंड दिसतं माझं!’

‘दिसतं ना. पण त्यांना तोंड नाही ना, काका. त्यांचं दिसत नाही.’

मी तिथेच होतो, मला हसू आलं. लख्खूला नाही आलं. पोरगी भली होती. तिनं त्याला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, आणि म्हणाली, ‘सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी, दातांवरून जीभ फिरवा. काही लागतं?’

‘बुळबुळीत लागतं.’

‘तेच. जंतू एकटेदुकटे असतात तेव्हा बिचारे असतात, साध्या औषधानं मरतात. पण एकदा कुठे चिकटले की अंगातून चिकट रस सोडतात आणि त्याचं घर बांधतात. पापुद्रा म्हणा. ओढ्यातल्या दगडावर शेवाळ धरतं तसं. वरून औषध ओतलं की वरच्या मजल्यावरचे मरतात, खालचे मेल्यांच्या पांघरुणाखाली मजेत. चार दिवसांनी पुन्हा मजला चढतो.’

लख्खू जीभ दातांवरून फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, ‘पण घासलं की शेवाळ निघतं.’

‘दगड गुळगुळीत असेल तर निघतं,’ ती म्हणाली. तिला तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं. पण बोलायचं कसं, हा तिला पेच पडला असेल.

तिनं दाखवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडचा निळा रंग घेऊन आली, काचपट्टीवर जंतू रंगवायला वापरतात तो. लख्खूनं शिडी लावली, ती मुलगी बारीकशीच, तीही उतरली. मी वरून बॅटरी धरली. साहेब आणि मुकादम तोंडाशी वाकलेले. तिनं टाकीच्या भिंतीवर रंग फासला, थोडा वेळ थांबली आणि पाण्यानं धुतला. सपाट पोलादावरचा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. आणि राहिल्या त्या रेघा.

काय सांगू तुम्हाला. सगळी भिंत निळ्या रेघांनी भरलेली. केसांसारख्या बारीक, एकीवर एक, एकीवर एक, वरपासून तळापर्यंत. आम्ही शाळेत होतो तेव्हा काही पोरं पाटी विटेच्या तुकड्यानं घासायची, काळीभोर व्हावी म्हणून. मास्तर म्हणायचे, अरे, पाटी आहे की पितळेचं भांडं? होता होता तिच्यावर एवढे ओरखडे पडत की अक्षर काढलं तरी अक्षर कुठलं आणि ओरखडा कुठला हे ओळखू येत नसे. तशी झाली होती टाकी. दिव्याखाली समोरून बघितली तर आरसा. निळी करून बघितली तर नांगरलेलं शेत.

‘ह्या फटीत ते राहतात,’ काडीवाली म्हणाली. ‘ब्रश आत पोचत नाही, औषध आत पोचत नाही. आणि तारेनं घासलं की नवी फट.’

मुकादम ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला. तो वरून लगेच म्हणाला, ‘सुट्टीत दुसऱ्याही माणसांनी धुतलीय टाकी. ह्या रेघा कुणाच्या कशावरून?’ लख्खूला वाचवायला म्हणाला, की स्वतःला, देव जाणे.

लख्खू भिंतीसमोर उभा होता. हात वर करून एका रेघेपाशी नेला, स्पर्श न करता. तो डावरा होता. उजव्या हाताचा माणूस भिंत पुसतो तेव्हा त्याची कमान एकीकडे कलते, डावऱ्याची दुसरीकडे. त्या भिंतीवरच्या साऱ्या कमानी दुसरीकडे कललेल्या. त्यानं हात एका कमानीवरून हवेत फिरवला आणि तो बरोब्बर बसला, जसा माणूस आपल्याच चपलेत पाय घालतो.

‘माझ्याच आहेत,’ तो म्हणाला. टाकीत आवाज घुमला म्हणून ते आम्हाला दोनदा ऐकू आलं.

साहेब आधी निघून गेले. पाहुण्यांना टाकी दाखवताना ह्याच रेघांवर ते आपला भांग बघत होते, हे त्यांना आठवलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

घरी येताना लख्खू माझ्या सायकलीशेजारून चालत होता. मी गंमत करून पाहिली. म्हटलं, ‘कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.’ तो म्हणाला, ‘दादा, कुंपणाला निदान भूक होती.’

पण माणूस चिवट. तपासनीस यायला अजून अवकाश होता. लख्खूनं तारेची घासणी काडीवालीच्या मेजावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, ‘आता तू सांगशील तसं.’ तिनं सांगितलं, आधी कोमट पाणी, कढत नाही, कढत पाण्यानं दुधाचा चिकटा शिजून बसतो. मग कॉस्टिक, आणि ते नुसतं ओतायचं नाही, मऊ ब्रशनं फिरवत राहायचं. मग धुणं. मग आम्ल. मग धुणं. मग जंतूंचं औषध, तेही आलटून पालटून, एकाच औषधाची त्यांना सवय व्हायला नको. शेवटी टाकी उघडी ठेवून कोरडी करायची. ओल हीच त्यांची माय.

सगळं त्यानं केलं. ज्या ब्रशला पफ म्हणायचा, तोच हातात धरून, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा. जोर येऊ नये म्हणून उजव्या हातानं. डावा हात कमरेमागे. मी एकदा वरून डोकावलो तर त्याची डावी मूठ आवळलेली, आणि उजवा हात वेंधळ्यासारखा भिंतीवर फिरतोय. मी त्याला पाणी कोमट हवं तेव्हा कोमट आणि कढत हवं तेव्हा कढत देत राहिलो. माझ्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं.

पहिली काडी स्वच्छ आली.

काडीवाली पळत बॉयलरपाशी आली, लख्खू माझ्याजवळच बसला होता. ‘काका, काही नाही उगवलं!’ लख्खूच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं आता हा म्हणणार. पण तो ‘लख्ख’ म्हणाला नाही. ‘पुन्हा बघ,’ म्हणाला. त्या दिवशी धाकटीनं आम्हाला जेवायला बोलावलं. साडूसाडू ताटावर बसलो, बहिणीबहिणी वाढत होत्या. थोरली म्हणाली, ‘बघा, मऊपणानं जमतं. आमच्या ह्यांना मी हेच आयुष्यभर सांगतेय.’ मी म्हटलं, ‘तू सांगतेस ते तारेच्या घासणीनं सांगतेस.’ लख्खूसुद्धा हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच त्या दिवसांत.

दुसऱ्या काडीत थोडे उगवले. तिसरीत त्याहून जास्त. मग सगळे परत.

काडीवालीनं समजावलं. वरचे गेले, फटीतले राहिले, आणि राहिलेल्यांनी घर पुन्हा उभं केलं. त्यानं परत सगळं केलं. परत तेच. पॉलिश करणारा एक कारागीर साहेबांनी बोलावला. टाकी घासून गुळगुळीत करता येईल का विचारायला. त्यानं नखानं टकटक करून कान लावला, जागोजागी जाडी मोजली, म्हणाला, ‘ही पूर्वीच किती झिजलीय. ओरखड्यांच्या तळापर्यंत जायचं तर सांध्याशी भोकं पडतील.’ म्हणजे ज्यानं झिजवली तोही लख्खूच. उपाय करायला पोलाद उरलं पाहिजे ना.

‘काकांची चूक नाही हो,’ काडीवाली साहेबांना म्हणाली. मी ऐकलं. ‘तार वापरू दिली कुणी?’ तिनं विचारलं. साहेब म्हणाले, ‘मी फक्त टाकी बघतो आहे.’

तपासनीस यायच्या आधीच साहेबांनी हात वर केले. मलईखाना बंद. टाकी कापायची. लख्खूला म्हणाले, दुधाच्या पिशव्या ठेवायचे कॅरेट धुण्याच्या यंत्रावर बटण दाबायला ये वाटलं तर. कॅरेट एकीकडून आत जातात, दुसरीकडून धुऊन बाहेर येतात, मध्ये माणसानं उभं राहायचं. लख्खू म्हणाला, ‘बघतो.’

आता कापणारे आले तर त्यांचा एक नियम. गॅसची ज्योत लावायच्या आधी टाकी आतून धुतलेली पाहिजे. औषधाचा, कॉस्टिकचा अंश राहिला तर विषारी धूर होतो. कोण धुणार? टाकीत उतरून धुणं ज्याचं काम, असा कारखान्यात एकच माणूस. साहेबांना स्वतः सांगायचा धीर झाला नाही, त्यांनी मुकादमाला पाठवलं. मुकादम माझ्याकडे आला. मी म्हटलं, तू सांग, मी का सांगू? शेवटी त्यानंच सांगितलं. लख्खू म्हणाला, ‘आज दुपारी धुतो.’

तुम्हाला वाटेल, आता तरी रागानं घासणी घेऊन तुटून पडला असेल. कापायचीच तर आहे. कापणाऱ्यांचा पोऱ्या बाहेरून ओरडलासुद्धा, ‘अहो, उरका की, भंगाराला कशाला एवढं न्हाणं!’ पण त्यानं कोमट पाण्यापासून सुरुवात केली. सगळं क्रमानं. कापणारे विड्या ओढत कंटाळून गेले. संपल्यावर बाहेर आला, टाकी कोरडी होईतो शेजारी बसला आणि काडीवालीला म्हणाला, ‘एक काडी फिरव.’

‘काका, आता कशाला? उत्तर येईल तेव्हा टाकी नसेल.’

‘फिरव.’

तिनं काडी फिरवली. नळीत बंद केली, पेटीत ठेवली. मग ज्योत लागली. तुकडे गाडीत चढवले तेव्हा ते उन्हात असे चमकत होते की गाडीवाल्यानं डोळ्यांवर हात धरला. म्हणाला, ‘नवीकोरी दिसतेय, कशाला मोडली?’

उत्तर आलं त्या सकाळी काडीवाली आधी माझ्याकडे आली. तिच्या तोंडावरून मला कळलं. मी म्हटलं, ‘सांग ना त्याला, नाही उगवलं म्हणून. टाकी गेलीय. कुणाला काय फरक पडतोय? एवढं एक खोटं म्हाताऱ्याच्या उपयोगी पडेल.’

ती म्हणाली, ‘काका, त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून घासणी माझ्या मेजावर ठेवली होती. आता कसं?’

लख्खू मलईखान्याच्या रिकाम्या खोलीत होता. जमिनीवर टाकीच्या पायांचे गोल डाग राहिले होते. ती त्याच्याजवळ गेली.

‘आहेत?’ त्यानं विचारलं.

‘आहेत, काका.’

‘किती?’

‘मोजता येत नाहीत इतके.’

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, ‘आता त्यांचंही घर गेलं म्हणायचं.’

‘तुकडे भट्टीत जातील. वितळले की तेही गेले.’

‘म्हणजे भट्टीला जमलं,’ तो म्हणाला. ‘एका दमात.’

ती रडायला लागली. तोच तिला म्हणाला, ‘उगी. तुझ्या काडीनं काय केलं? तू तर दाखवलंस.’ मग जेवणाचा डबा उचलला, मला म्हणाला, ‘दादा, येतो,’ आणि फाटकाकडे निघाला. पाळी तर आत्ताच सुरू झाली होती. कॅरेटच्या यंत्रावर त्या दिवशी कुणी दुसराच उभा राहिला, दुसऱ्या दिवशीही.

धाकटी येते कधीकधी आमच्याकडे. थोरली विचारते, कसे आहेत? ती म्हणते, आहेत. मी जाऊन बसतो त्याच्याशी, जुन्या गोष्टी सांगतो, आचाऱ्याची, पहारेकऱ्याच्या मयताची. तो ऐकतो, हसण्याच्या जागी हसतोही. मागच्या खेपेला मी निघता निघता विचारलं, ‘काय रे, तब्येत?’

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, ‘दिसायला बरी आहे.’